मार म्हणजे समुद्र

४ जून

बारक्या,

तुझा फोन लागेना म्हणून दुकानात लावला, तर तुझे मालक म्हणाले, "त्याने फोन ट्रकच्या चाकाखाली ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, घे पुढे. आता तुम्ही पत्रच टाका, ताई." कारण विचारत नाही. तिचं लग्न ठरलं एवढं माझ्या कानावर आलंय. बरं झालं. जी मुलगी इतके दिवस 'बघू, बघू' म्हणते ती कधीच बघत नसते.

आता कामाचं. चिमीला मी शाळेतून काढलं. तिच्या वर्गबाईंनी तिला बाकावर उभं केलं आणि अख्ख्या वर्गासमोर 'मठ्ठ' म्हटलं. मी गेले भेटायला. तर बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणतात, "तिच्या डोक्यात काही शिरतच नाही हो. घरी कुणी बघतं की नाही?" कानाखाली अशी वाजवली की चष्मा उडून कपाटावर आपटला. म्हटलं, नवीन भिंगं आमच्या ह्यांच्या दुकानातून न्या, चांगली घासून देतात.

तुझे दाजी ऐकून 'हं' म्हणाले आणि दुकानात गेले. त्यांचं नेहमीचंच.

तर आता शाळा घरी. बाकीचे विषय मी लावले. वर्षाच्या शेवटी बाहेरची परीक्षा आहे आणि तिला एक परकी भाषा लागते. नापास झाली तर पोरीला परत त्याच बाईच्या वर्गात बसवायचं. ते मी मेले तरी होऊ देणार नाही. चिमी म्हणाली, मामाची स्पॅनिश घेऊ. तीन कोर्स बघून ठेवलेत.

एक खोक्यातून येतो. क्रियापदांचे तक्ते, सरावाच्या वह्या, दर आठवड्याला चाचणी, चाचणीला गुण. दुसरा गोष्टींचा. मुलाने नुसतं ऐकायचं, चित्रं बघायची, सुरुवातीचे काही महिने लिहायचंच नाही म्हणे. तिसऱ्यात पडद्यावर एक शिक्षिका येते आणि समोरासमोर शिकवते. तो मी खोडला. परक्या बाईने रोज आपल्या घरात डोकवायचं काही कारण नाही.

तू अर्धं का होईना शिकलायस. सांग कुठला घेऊ. आणि जेवत जा.

ताई

*

११ जून

ताई,

शाब्बास! पण एकच का दिलीस? दुसरा गाल उगाच रुसला असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खुर्चीच्या प्रकरणात आहे. मी वर्गात खुर्ची फेकली आणि कॉलेज सुटलं एवढं तुला माहीत आहे. कशावरून, ते ऐक. स्पॅनिशमध्ये आपल्या 'आहे'ला दोन शब्द आहेत. एक 'सेर', म्हणजे मुळातच असणं. दुसरा 'एस्तार', म्हणजे सध्यापुरतं असणं. सरांनी मला फळ्याशी बोलावून 'मी वेडा आहे' लिहायला सांगितलं. पहिल्या बाकावर वेलांटी बसली होती. (तीच. कपाळावर तिची एक बट तशी वळते, म्हणून वेलांटी.) मी तिच्याकडे बघितलं आणि 'सेर' लावलं. सर म्हणाले, "वेड एस्तार असतं, बाळा. उतरतं ते." वर्ग हसला. ते चाललं असतं. वेलांटी हसली. मग आधी काच बाहेर गेली, तिच्यामागून खुर्ची.

सांगायचं हे की तक्त्यातले सगळे नियम मी विसरलो, हा एक झोपेतसुद्धा येतो. भाषा तक्त्यातून शिरत नाही, काहीतरी घडावं लागतं. म्हणून खोकं नको. गोष्टींचा घे. चिमीला ऐकू दे, हसू दे, चुकू दे. तिच्या मागे लागू नकोस. मला तू पाढे पट्टीच्या धारेवर शिकवलेस आणि बघ कसा रत्न निघालो. गंमत करतोय. पट्टी नसती तर आज टायरही मोजता आले नसते.

इथलं विचारशील तर दिवसभर टायर काढतो आणि चढवतो. चाकात अडकवून टायर उपटायची एक लोखंडी पट्टी असते, तिला टॉमी म्हणतात. माझा सगळ्यात जवळचा मित्र सध्या तो टॉमीच. काल एक गिऱ्हाईक 'ए टायरवाल्या' म्हणालं. त्याचं चाक मी काढलं आणि रस्त्यावरून उतारावर सोडून दिलं. मालकांनी मला त्याच्यामागे पळवलं. चाकाच्या मागे मी, माझ्यामागे गिऱ्हाईक, त्याच्यामागे मालक. वेलांटीने बघितलं असतं तर पुन्हा हसली असती.

तिचं लग्न एका बँकवाल्याशी आहे. त्याची मान बारीक आहे, एवढीच माहिती सध्या पुरे.

बारक्या

*

६ जुलै

बारक्या,

मानेचं नाव काढू नकोस. तुला सोडवायला मी येणार नाही.

मी खोक्यातलाच घेतला. तुझं ऐकलं नाही म्हणून तोंड फुगवू नकोस. नुसतं ऐकून आणि हसून कोणी परीक्षा पास झालंय का? गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना पुढे गोष्टीच सांगता येतात. खोक्यात सगळं कसं बांधलेलं आहे. आज अमुक शब्द, उद्या तमुक क्रियापद, शुक्रवारी चाचणी. आणि शुक्रवारी कळतं, कोण किती पाण्यात आहे ते.

स्वयंपाकघरातलं मोठं टेबल तिच्या खोलीत लावलं. उजेड हवा म्हणून खिडकीचा पडदा दांड्यासकट काढला. पाठीमागे भिंत आहे, त्यामुळे खुर्ची मागे सरकत नाही आणि चुळबूळ होत नाही. सकाळी न्याहारी झाली की बसायचं. जागचं उठायचं नाही. पोरीचं लक्ष फार उडतं रे. तोच शब्द सकाळी येतो, दुपारी विचारला की तोंडाकडे बघत बसते. मुद्दाम करते की काय असं वाटतं. त्या बाईचा शब्द कानात घुमतो आणि माझ्या डोक्यात रक्त चढतं. पण करून घेईन मी. तुझ्याकडून नाही का घेतलं करून.

एक चांगली बातमी. तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर तिने आपणहून खाली चार ओळी लिहिल्या. मला म्हणाली, "मामाला नवा शब्द दाखवते. मार. मार म्हणजे समुद्र." मी पुस्तकात बघितलं, बरोबर आहे. वाक्यं मराठी आणि शब्द स्पॅनिश असली खिचडी केलीय, पण स्वतःची केलीय. तपासून पाठव.

ताई

मामा,
आमच्या घरी मार आहे. सकाळी मार असतो. दुपारी मार असतो. शुक्रवारी खूप मार असतो.
चिमी

*

१४ जुलै

ताई आणि चिमी,

आधी चिमीबाईंचा कागद तपासतो, कारण असा मान आम्हाला पुन्हा मिळायचा नाही.

शब्द बरोबर, दहापैकी दहा. फक्त त्याच्याआधी 'एल' लावायचं. 'एल मार'. खलाशी लोक लाडाने 'ला मार' म्हणतात, म्हणजे समुद्राला बाई करून टाकतात. तुला जे आवडेल ते घे. बाकी तुमच्या घरी समुद्र कुठून आला गं? तुमच्या नळाला धड पाणी येत नाही. पण मला आवडलं. सकाळी समुद्र, दुपारी समुद्र आणि शुक्रवारी भरती! ताई, हिला मठ्ठ म्हणणाऱ्या बाईला खरंच दुसरीही द्यायला हवी होती.

चिमे, पुढच्या पत्रात लिही, तुझा मार केवढा आहे? त्याचा रंग कोणता? आवाज कसा येतो? समुद्र म्हटला की हे तिन्ही पाहिजेत.

ताई, तू चिडशील, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. मी बँकवाल्याला भेटून आलो. म्हणजे तो गाडीत होता आणि मी बाहेर. एवढंच म्हटलं, खाली उतर, बोलायचंय. त्याने काच वर केली. ताई, माझ्या तोंडावर कोणी काच वर केली की माझा मी राहत नाही. टॉमीचा पहिला घाव मधोमध बसला. काच लगेच पडत नाही, माहीत आहे? आधी सगळी पांढरी होते, आतला माणूस दिसेनासा होतो. दुसऱ्या घावाला ती त्याच्या मांडीवर सांडली. हाताला लागलं त्याला, थोडंच. तो रडत होता. मला वाटलं होतं बरं वाटेल.

मालकांनी चौकीतून सोडवलं आणि चौकीच्या दारातच मुस्काटीत मारली. म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

वेलांटीने निरोप पाठवला. फक्त एक वाक्य. "तू प्रेम करतोस ते मला धमकी दिल्यासारखं वाटतं." याचं स्पॅनिश कर म्हटलं तर मला येणार नाही.

बारक्या

*

१ ऑगस्ट

बारक्या,

तुझं पत्र चिमीपुढे वाचताना काचेचा भाग गाळला. तुझ्या हाताला वळण लावण्यात मीच कमी पडले.

इकडे फारसं ठीक नाही. चाचण्यांमध्ये गुण खाली चाललेत. मी कोर्स बदलायचा विचार केला होता, तू म्हणालास तो गोष्टींचा. मग वाटलं, अर्ध्यावर सोडणं म्हणजे त्या बाईला आयतं कोलीत देणं. तुझ्या दाजींना विचारलं तर म्हणतात, "तुझं तू बघ." पोरगी दोघांची आणि बघायचं मी एकटीने. ते हल्ली दुकान उघडायच्या कितीतरी आधी जातात. भिंगांवर धूळ बसते म्हणे.

मी तिला सांगितलंय, मामाला तोंड दाखवायचं असेल तर शब्द पाठ पाहिजेत. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मात्र तिने झरझर लिहिली. माझी मदत नाही. मी वाचलं, फार छान वाटलं. संध्याकाळच्या समुद्राचं वर्णन आहे. मीसुद्धा एकदाच बघितलाय समुद्र, असाच दिसतो. तसाच कागद पाठवतेय.

ताई

मामा,
एल मार लांब आहे. पडद्याच्या दांड्याएवढा. त्याचा रंग आधी लाल असतो. मग निळा होतो. मग काळा. मग कडेने हिरवा आणि पिवळा. मग जातो. मग परत नवीन येतो. पाठीवर आहे आणि मांडीवर आहे. आवाज आधी हवेत येतो. मी ला मार म्हणणार.
चिमी

*

५ ऑगस्ट

दाजी,

मी आजवर तुला अहो-जाहो केलं. ते आजपासून बंद.

तुझ्या मुलीने मला लिहिलं की घरात रोज मार आहे. मराठीत लिहिलं, साध्या सरळ मराठीत, आणि मी गाढव त्याला व्याकरण शिकवत बसलो. विचारलं, मार कोणत्या रंगाचा? तिने सांगितलं. लाल, निळा, काळा, हिरवा, पिवळा. टायरच्या दुकानात बोटं चेमटतात, मला वळ कसा पिकतो ते चांगलं माहीत आहे. समुद्र हिरवा होऊन कडेने पिवळा पडत नाही.

म्हणून तू पहाटे उठून दुकानात पळतोस होय. तोंड दाखवायची लाज वाटते. आणि ताई तुझ्यावर पांघरूण घालते, मला संध्याकाळच्या समुद्राच्या गोष्टी सांगते.

ज्या हाताने तू दांडा धरतोस तो हात मी येऊन तोडणार आहे. हे पत्र आणि मी यांत आधी कोण पोचतं ते बघ.

*

१९ ऑगस्ट

बारक्या,

पत्राच्या आधी तू पोचलास. पत्र मला इस्पितळात मिळालं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितोय. अक्षर लावून लावून वाच.

तू आलास तेव्हा एक आजोबा डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. मी त्यांना म्हणत होतो, हलू नका. तू काउंटरवरून हात पुढे घातलास, माझं मनगट काचेवर दाबलंस आणि ते लोखंड उचललंस. मला एकच वाक्य ऐकू आलं, "हाच ना?" मी काही म्हणणार तोवर हाडाचा आवाज झाला. आजोबा हनुवटी तशीच ठेवून विचारत होते, "आता हलू का?" आठवलं की अजूनही हसू येतं, आणि हसलं की हात ठणकतो.

पोलिसांना मी सांगितलं, भिंग घासायच्या यंत्रात हात अडकला. आजोबांना काही दिसलं नाही, त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले होते.

आता ऐक. मी चिमीवर कधी हात उचललेला नाही.

हे तेव्हाच ओरडून सांगता आलं असतं. दुसऱ्यांदा तू लोखंड उचललंस तेव्हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तुझे डोळे बघितले आणि वाटलं, मी नाव घेतलं तर हा इथून तडक घरी जाईल. आणि घरी चिमी तिच्या शेजारीच बसलेली असेल.

तुझी ताई मारते. आधी फूटपट्टी होती. खोकं आलं तेव्हापासून पडद्याचा दांडा आहे. चुकलं की पोरगी आपणहून हात पुढे करते. मला वाटतं हे तुला नवीन नसावं.

मी काय केलं विचारशील. एकदा दांडा धरला तर म्हणाली, "मग तुम्ही शिकवा." मला शिकवता येत नाही. मी दांडा सोडला. दुसऱ्या दिवसापासून लवकर निघू लागलो. दाराच्या आत पहिला आवाज व्हायच्या आधी मी जिन्याखाली असायचो. मी मारत नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलता येईल. तेव्हा तू अगदीच चुकीच्या माणसाला मारलंस असं मी म्हणणार नाही.

बाप म्हणून मी जे बोललो नाही ते तू भाऊ म्हणून बोल. तुझं ती ऐकते. पण लोखंड घरी ठेवून.

दाजी

*

२३ ऑगस्ट

ताई,

दाजींचं पत्र आलं. मी ते फाडलं, मग जोडून पुन्हा वाचलं. मग दुकानातला हवा भरायचा पंप भिंतीवर घातला. मालकांनी पंप उचलून ठेवला. मग टॉमी पिशवीत टाकला आणि तुझ्या घरी यायला निघालो. फाटकाशी मालक उभे होते. म्हणाले, "कुणाला मारायचंय या वेळी?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला." असं तोंडातून निघालं आणि मी तिथेच खाली बसलो.

दुसरी कोणी बाई असती ना, ताई, तर मी हात उचलायच्या आधी विचारसुद्धा केला नसता. दाजींच्या वेळी केला का? त्यांना तोंड उघडू दिलं नाही. घरात मारणारा म्हणजे पुरुषच असणार, हे मी बसल्या जागी ठरवून टाकलं. तुझं नाव डोक्यात आलंच नाही. का आलं नाही ते सांगू? तू मारायचीस त्याला मी मार म्हणतच नव्हतो. आई-बाबा गेले तेव्हा तू स्वतः केवढीशी होतीस. मला न्हाऊमाखू घातलंस, शिकवलंस, आणि बोटांच्या पेरांवर पट्टीची धार मारलीस. मी त्याला ताईचा जीव म्हणायचो. वेलांटीला धमकी का ऐकू आली ते आता समजतंय. मला जीव लावायची तेवढी एकच रीत येते.

पण चिमी त्याला मार म्हणते. तिला खरा शब्द माहीत आहे. तुझ्या देखत, तुझ्या टेबलावर बसून तिने तो लिहिला, तुला समुद्र म्हणून दाखवला आणि तुझ्याच हाताने माझ्याकडे पाठवला. ती मठ्ठ आहे होय? त्या बाईने तो शब्द एकदा म्हटला. तू दांड्याने रोज म्हणतेस.

आता माझं ऐक. मला ओरडू नकोस, रडू नकोस, आणि 'तुला मारलं तेव्हा काय मेलास का' असं तर मुळीच म्हणू नकोस. चिमी तिच्या आत्याकडे जाईल. आत्याशी दाजी बोललेत, तिच्या गल्लीत शाळा आहे. महिन्याच्या आत ती तिथे पोचली नाही तर मी चौकीत जाऊन सगळं सांगणार. आधी दाजींच्या मनगटाचा गुन्हा माझ्या नावावर लिहून घ्यायला लावीन, म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल. मग तुझा सांगेन. मला आत टाकतील, बँकवाल्याचं प्रकरणही वर येईल. येऊ दे.

तुला मी घाबरतो. हे लिहितानासुद्धा बोटं आखडतायत. तरी सही करतोय.

बारक्या

*

९ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र वाचून आधी मी तुला सात पानं लिहिली. त्यात सगळं होतं. तुला तापात मांडीवर घेऊन बसले ते, तुझी फी भरायला माझं कॉलेज सुटलं ते, आणि हो, 'तुला मारलं तेव्हा काय मेलास का' हेसुद्धा. उपकार विसरलेला, बायकांच्या मागे लागलेला, काचा फोडणारा तू मला शिकवणार! पाकीट बंद केलं. चिमी टेबलाशी बसली होती.

मनात आलं, हिलाच विचारावं. तुम्ही सगळे मिळून तिच्या तोंडी घालताय असं मला वाटत होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले. हातात काही नव्हतं, खरंच काही नव्हतं. विचारलं, "चिमे, मार म्हणजे काय?"

"समुद्र."

"आणि?"

मी पुन्हा म्हटलं, "आणि काय?" तिला वाटलं उत्तर चुकलं. तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. डोळे मिटून घेतले. आणि हळूच म्हणाली, "एल लावायचं राहिलं."

बारक्या, ती तशीच हात पुढे करून बसलेली. मी मारीपर्यंत ती हात खाली घेणार नव्हती. शेवटी मला सांगावं लागलं, "हात खाली घे." तर म्हणाली, "मग पाठीवर?"

सात पानं चुलीत घातली.

तो समुद्राचा कागद मला खरंच समुद्रच वाटला होता. शपथेवर सांगते. लाल म्हणजे मावळतीचं आभाळ, असं मी मनात चित्रही काढलं होतं. दांड्याएवढा, असं तिने स्पष्ट लिहिलं होतं आणि दांडा माझ्या हाताशी टेकवलेला होता. माणसाला इतकं कसं दिसत नाही? तुझ्या दाजींना विचारलं. त्यांचा तर हाच धंदा. ते पहिल्यांदाच 'हं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "मला दिसत होतं." आणि रडायला लागले.

त्या बाईला मी का मारलं तेही कळलं. ती खोटं बोलली म्हणून नाही मारलं. मलाही तेच वाटत होतं म्हणून मारलं. आणि अख्ख्या पुस्तकातून ज्याचे दोन अर्थ होतील असा शब्द त्या एवढ्याशा जिवाने शोधून काढला. किती दिवस शोधत असेल?

काल दाजी तिला आत्याकडे सोडून आले. जाताना मी जिन्यात थांबले, खाली उतरले नाही. तिच्या शर्टाची कॉलर आत दुमडली होती. सरळ करावी वाटलं. केली नाही. हात वर नेला असता तर तिला कॉलर कळली नसती.

तू चौकीत जाऊ नकोस. गेलास तरी मी खोटं बोलणार नाही.

कोर्सचं खोकं टेबलावरच आहे. सकाळी न्याहारी झाली की मला सवयीने तिथे जाऊन बसावंसं वाटतं. बसते. पहिल्या पानापासून सुरू केलंय. चिमीच्या जागी बसलं की मागे भिंत लागते, खुर्ची खरंच सरकत नाही.

ताई

*

२ ऑक्टोबर

मामा,

मी आत्याकडे आहे. इथली शाळा आत्याच्या गच्चीवरून दिसते. माझ्या बाकावर एक मुलगी आहे, ती डाव्या हाताने लिहिते, त्यामुळे आमची कोपरं एकमेकींना लागतात. आधी ती ओरडायची, आता आम्ही जागा बदलली. बाई मोठ्याने बोलतात पण हातात फक्त खडू असतो. मी बघून ठेवलंय.

इथे स्पॅनिश नाही. आत्या म्हणाली, हवं असेल तर तो गोष्टींचा कोर्स आणू, नुसतं ऐकायचं असतं. मी म्हटलं, नंतर बघू. तू रागावू नकोस. तुझी भाषा चांगली आहे पण ती ऐकली की माझे हात आपोआप पुढे होतात.

बाबा दर रविवारी येतात. त्यांचा हात प्लास्टरमधून निघाला पण मूठ वळत नाही. ते मला वळवून दाखवतात आणि मी मोजते कुठपर्यंत आली. तू त्यांना मारलंस ते मला माहीत आहे. मी तुला मार आहे म्हणून लिहिलं होतं, मार म्हणून नव्हतं लिहिलं. पुढच्या वेळी नीट वाच.

पाठ आता दुखत नाही. आत्या तेल लावते तेव्हा मी आधी तिला हात दाखवायला सांगते. ती दाखवते.

आईचं पत्र आलं. तिने लिहिलंय की ती माझ्या पुस्तकातून स्पॅनिश शिकते, रोज बसते आणि तिचं खूप चुकतं. घरी ती एकटीच असते. तिचं चुकलं की तिला कोण मारतं?

चिमी